कूलंट दर महिन्याला कमी होतंय. कसारा घाटाच्या आधी काय काय तपासून घ्यावं?

गोदाकाठची | ९ एप्रिल, सकाळी १०:२०

नमस्कार मंडळी. आमच्याकडे २०१६ची डिझेल हॅचबॅक आहे, एक लाख किमीच्या जवळ आलीय. दिवाळीपासून कूलंटची पातळी हळूहळू उतरतेय. खालच्या रेषेच्या खाली गेलं की आणून भरायचं, महिनाभराने परत तेच. गाडीखाली डाग नाही, तापमानाचा काटा मधोमध असतो, पळते छान. गॅरेजमध्ये विचारलं तर "जुन्या गाडीत तेवढं उडतंच, टाकत राहा" असं उत्तर मिळालं.

मे महिन्यात सासूबाईंना डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी नाशिकहून मुंबईला न्यायचंय. येताना कसारा घाट भर दुपारी चढावा लागणार आणि एसी बंद ठेवता येणार नाही, त्यांना ऊन सोसत नाही. म्हणून विचारते: हे 'उडणं' खरंच नॉर्मल आहे का? घरच्या घरी मी काय बघू शकते? आणि गॅरेजमध्ये नेमकं काय करायला सांगू?

अंबडची_वाट | ९ एप्रिल, सकाळी १०:४१

अजिबात नॉर्मल नाही. डिझेल जळतं, इंजिन ऑइल थोडंफार जळू शकतं, पण कूलंट जळण्यासाठी नसतंच. ते इंजिन गार ठेवत आतल्या आत फिरत राहतं. कमी होतंय म्हणजे कुठून तरी बाहेर पडतंय.

झाकण कुठे आहे, रेडिएटरवर की प्लास्टिकच्या बाटलीवर? कूलंटचा रंग कोणता? कुठे वास येतो का?

गोदाकाठची | ९ एप्रिल, सकाळी ११:०५

झाकण बाटलीवरच आहे, रेडिएटरला वेगळं झाकण दिसत नाही. रंग गुलाबी. लांबून आल्यावर बॉनेट उघडलं की गोडसर वास येतो. गाडीच्या आत वास नाही.

जुनी_जीप | ९ एप्रिल, दुपारी १२:१०

ताई, एवढी काळजी करू नका. मी पिंपळगाव ते मुंबई द्राक्षांच्या गाड्या नेण्यात उमेदीची वर्षं घालवली. बोनेटवर पाण्याचा कॅन बांधलेला असायचा. गाडी गरम झाली की घाटात थांबायचं, फडकं धरून झाकण उघडायचं, पाणी ओतायचं, पुढे निघायचं. कूलंट-बिलंट आम्हाला माहीतसुद्धा नव्हतं आणि इंजिनं चांगली टिकली. हा सगळा कंपन्यांचा धंदा आहे.

टेस्टबेड | ९ एप्रिल, दुपारी १:३५

गोडसर वास म्हणजे कूलंट गरम भागावर पडून वाळतंय. डाग जमिनीपर्यंत पोचतच नाही, म्हणून दिसत नाही. मी सातपूरला इंजिन टेस्टिंगमध्ये नोकरी केली, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

झाकणापासून सुरुवात करा. तुमच्या गाडीत बाटलीही प्रेशरखाली असते. झाकणावर १.१ किंवा १.४ असा आकडा कोरलेला असेल, तो बारमध्ये असतो. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळतं. नाशिक साधारण ६०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे इथे ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. बंद प्रणालीत एक बारचं जादा प्रेशर तयार झालं की उकळबिंदू १२० अंशांपर्यंत चढतो. निम्मं ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य रसायन), निम्मं पाणी असेल तर त्याहूनही काही अंश वर. झाकणाचा रबर कडक झाला किंवा स्प्रिंग ढिली पडली की हे प्रेशर टिकत नाही, घाटात कूलंट उकळून झाकणातून वाफ होऊन जातं. हा पार्ट सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. सकाळी इंजिन पूर्ण गार असताना उघडून रबर रिंग बोटाने फिरवून बघा. चिरा असतील तर त्याच आकड्याचं नवीन झाकण घ्या. जास्त आकड्याचं नको, नाहीतर होज किंवा रेडिएटर फुटेल.

मग टॉर्च घ्या. होज पाईपांच्या टोकांना, क्लिपांच्या खाली पांढरट-गुलाबी खार जमलाय का बघा. होज दाबून बघा: दगडासारखा कडक किंवा फुगून मऊ झालेला, दोन्ही बदलायचे. रेडिएटरच्या दोन्ही बाजूंच्या काळ्या प्लास्टिक टाक्या ॲल्युमिनियमच्या जाळीला जिथे मुडपून बसवतात, त्या सांध्यावर ओल किंवा खार शोधा. गाडी आठ-नऊ वर्षांची झाली की प्लास्टिक तिथे तडकतं. वॉटर पंपाला खालच्या बाजूला मुद्दाम ठेवलेलं बारीक छिद्र असतं. आतलं सील झिजलं की कूलंट त्यातून झिरपतं. पंप टायमिंग बेल्टच्या (इंजिनाचे वॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारा पट्टा) कव्हरामागे असेल तर थेट दिसत नाही, कव्हराच्या खालच्या कडेला माग दिसतो.

गॅरेजमध्ये एकच वाक्य सांगा: "कूलिंग सिस्टिमची प्रेशर टेस्ट करा, मी समोर थांबते." बाटलीच्या तोंडाला हातपंप लावतात, इंजिन गार असताना झाकणावरच्या आकड्याएवढं प्रेशर भरतात आणि १५ मिनिटं थांबतात. काटा उतरला तर गळती आहेच, आणि बहुतेक वेळा थेंब डोळ्यांना दिसतो. झाकणाची टेस्ट वेगळी होते, तीही करून घ्या. ज्यांच्याकडे हा पंप नाही त्यांच्याकडे हे काम देऊ नका.

अंबडची_वाट | ९ एप्रिल, दुपारी १:५२

+१. प्रतिसाद साठवून ठेवला.

जुनी_जीप | ९ एप्रिल, दुपारी २:२०

टेस्टबेड साहेब, तुमचा अभ्यास मान्य. पण माझा प्रश्न तसाच राहिला. साध्या पाण्यावर आमच्या गाड्या चालल्या की नाही?

टेस्टबेड | ९ एप्रिल, दुपारी ३:०५

काका, चालल्या, आणि त्याला कारण आहे. तुमच्या इंजिनाचा ब्लॉक आणि हेड (ब्लॉकवर बसणारा वरचा भाग) दोन्ही बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, रेडिएटर तांब्या-पितळेचा, नळ्या रुंद. गंज चढला तरी पाणी जायला वाट उरायची, आणि रेडिएटरवाला वरची टाकी काढून नळ्यांत सळई घालून साफ करायचा, टाकी झाळून परत बसवायचा. आताचं हेड ॲल्युमिनियमचं, रेडिएटरच्या नळ्या चपट्या आणि अगदी अरुंद. त्यात बोअरचं पाणी गेलं की क्षार बसतात, नळ्या आतून बुजतात. मग फॅन, पंप, झाकण सगळं ठीक असूनही गाडी हीट मारते आणि कारण सापडत नाही.

कूलंटमधलं ग्लायकॉल उकळबिंदू वाढवतं आणि गोठणबिंदू उतरवतं. निफाडला थंडीत पारा पाच अंशांच्या खाली जातो, तेवढ्याने गाडीतलं पाणी गोठत नाही, त्यामुळे आपल्याकडे गोठण्याचा मुद्दा गौण. पण त्यातली गंजरोधक रसायनं अत्यंत गरजेची. ती मुदत संपली की निकामी होतात, रंग मात्र तसाच राहतो.

जुनी_जीप | ९ एप्रिल, दुपारी ३:३०

हे पटलं. बिडाचं इंजिन आणि हे इंजिन वेगळं, एवढं ध्यानात ठेवतो.

पाटावरची | ९ एप्रिल, सायंकाळी ५:१५

काकांच्या प्रतिसादातली एक गोष्ट कोणी नवख्याने वाचून करू नये म्हणून लिहितेय. गरम गाडीचं झाकण फडकं धरूनही उघडू नका. मी बर्न्स वॉर्डात नर्स आहे. झाकण सैल होताच आतलं प्रेशर एकदम उतरतं, १०० अंशांच्या वर असलेलं पाणी त्याच क्षणी वाफ होऊन तोंडावर आणि छातीवर येतं. उन्हाळ्यात असे पेशंट येतात, आणि बरेचदा तरुण मुलं असतात. वरचा होज हाताला कोमट लागेपर्यंत थांबा, मग झाकण पाव फेरा फिरवून फुस्स आवाज पूर्ण थांबू द्या. कृपया.

जुनी_जीप | ९ एप्रिल, सायंकाळी ५:४०

ताईंचं बरोबर आहे. आमच्या क्लीनर पोरांचे हात भाजलेले मी पाहिलेत. माझा सल्ला कोणी धरू नका.

चांदवडचा_वारा | ९ एप्रिल, रात्री ९:०२

थर्मोस्टॅटबद्दल कोणीच बोललं नाही. इथल्या एका गॅरेजने माझ्या पेट्रोल गाडीचा थर्मोस्टॅट काढूनच टाकला. म्हणे "आपल्याकडे गरम हवा, याची गरज नाही, गाडी कधी हीट होणार नाही." त्यानंतर मायलेज पडलं आणि हिवाळ्यात सकाळी चांदवडहून निघालो की इंजिन गार असल्याचा निळा दिवा नाशिक येईपर्यंत विझायचा नाही.

टेस्टबेड | ९ एप्रिल, रात्री ९:४८

हा गैरसमज फार जुना आहे आणि त्याने इंजिनांचं बरंच नुकसान केलंय. थर्मोस्टॅट म्हणजे मेणावर चालणारा वॉल्व्ह. इंजिन गार असताना तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो, त्यामुळे इंजिन लवकर तापतं. त्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा छापलेला असतो, त्या तापमानाला तो उघडू लागतो. काढून टाकला तर इंजिन कायम गार राहतं, ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला) वाटतं अजून थंडच आहे, म्हणून जास्त इंधन सोडतो. न जळलेलं इंधन सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन ऑइलमध्ये उतरतं, झीज वाढते. तुमचं मायलेज त्यानेच पडलं. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाटही बंद करतो. तो नसला तर बरंचसं कूलंट रेडिएटरला न जाता तसंच परत फिरतं आणि घाटात गाडी उलट जास्त तापते.

जुना चांगला आहे का हे घरी कळतं. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून मध्ये लोंबता सोडा, बाजूला थर्मामीटर धरा आणि गॅस लावा. आकड्याच्या आसपास तबकडी उचलली जायला लागते, पुढे दहा-बारा अंशांत पूर्ण उघडते. उकळत्या पाण्यातही हलली नाही तर तो अडकलाय.

भोजनभाऊ | ९ एप्रिल, रात्री १०:१०

आमच्या घरी त्या पातेल्यात परत चहा झाला तर गाडीच्या आधी मीच थंड होईन. पातेलं वेगळं घ्या, मंडळी.

रुळावरून | १० एप्रिल, सकाळी ७:३०

जरा अवांतर. कसाऱ्याचा चढ किती कठीण आहे हे रेल्वेकडे बघून कळतं. कसारा ते इगतपुरी लोहमार्गाचा चढ १:३७ आहे, म्हणून गाड्यांना कसाऱ्याला मागून बँकर इंजिनं लावतात आणि इगतपुरीला काढतात. रस्त्यावरच्या गाडीला मागून ढकलायला कोणी नाही, सगळी उष्णता तिच्या रेडिएटरलाच बाहेर टाकायची.

अंबडची_वाट | १० एप्रिल, सकाळी ८:१२

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे (भिवंडीजवळ) टप्पा जून २०२५मध्ये सुरू झाला, त्यामुळे जुना घाट टाळता येतो. इगतपुरीजवळ जवळपास आठ किमीचा बोगदा आहे. गोदाकाठची ताई, सासूबाईंना घेऊन येताना त्याच रस्त्याने या, ट्रकांमागे रांगत चढावं लागणार नाही.

टेस्टबेड | १० एप्रिल, सकाळी ८:५५

रस्ता चांगला आहेच. पण तिथे गाडी सलग १०० च्या आसपास पळते, एसी लावलेला, मे महिना. कमजोर सिस्टिम तिथेही उघडी पडते, आणि बोगद्यात किंवा वेगाच्या लेनमध्ये गाडी बंद पडणं घाटापेक्षा जास्त धोक्याचं. आधी गळती शोधा, मग रस्ता ठरवा.

घाटनदेवी_थांबा | १० एप्रिल, दुपारी १२:२५

मी टॅक्सी चालवतो, नाशिक-मुंबई रोजचं आहे. चढावर काटा मधल्या रेषेच्या वर सरकला तर आम्ही काय करतो ते सांगतो.

आधी एसी बंद. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो, त्याची गरम हवा रेडिएटरवर जाते. मग हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर फुल. आत भट्टी होते, पण हीटरचा कोर हा छोटा रेडिएटरच असतो, तो इंजिनाची उष्णता ओढतो. काचा उघडा, पॅसेंजरला कारण सांगा, सगळे समजून घेतात. काटा उतरला तर गिअर खाली टाकून सावकाश वर या आणि सपाटीवर थांबा.

उतरला नाही, लाल दिवा लागला किंवा बॉनेटमधून वाफ दिसली तर पहिल्या सुरक्षित जागेला बाजूला घेऊन इंजिन बंद. इथे "वर घाटनदेवीपर्यंत नेऊ, मग बघू" करणाऱ्यांचीच हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील) उडतात. हेड वाकलं की उतरवून फेसिंगला (घासून सपाट करायला) द्यावं लागतं, काही वेळा तेही पुरत नाही. अर्धा-पाऊण तास हात लावू नका. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतलं तर हेड तडकतं. गार झाल्यावर कूलंट नसेल तर पिण्याचं स्वच्छ पाणी भरून घर गाठता येतं, पण नंतर सगळं काढून नीट कूलंट भरायचं.

आणि काट्यावर आंधळा विश्वास नको. पाणी पूर्ण संपलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा उलट खाली येतो. हीटर लावून गार हवा आली तर समजा आत पाणी नाही, ताबडतोब थांबा.

पाटावरची | १० एप्रिल, दुपारी १२:५०

हीटरची खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. मनापासून आभार भाऊ.

चिप_आणि_वायर | १० एप्रिल, दुपारी ३:१८

काट्याबद्दल आणखी: बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो, साधारण ८० ते १०५ अंशांपर्यंत तो मधोमधच राहतो. काही गाड्यांत तर काटाच नसतो, फक्त निळा-लाल दिवा. ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावला की मोबाइलवर खरा आकडा दिसतो. नाशिकच्या द्वारका सर्कलला ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर आकडा ९० वरून चढतो, शंभरीच्या आसपास फॅन लागतो, परत उतरतो. असं वर-खाली होत असेल तर फॅन, रिले, सेन्सर तिन्ही ठीक. फॅनची स्कॅनरशिवाय खात्री करायची तर गाडी उभी ठेवून एसी लावा, फॅन फिरायलाच हवा.

विटांचा_मळा | १० एप्रिल, सायंकाळी ६:४०

सिंहस्थाच्या कामांसाठी शहरात जिकडेतिकडे खोदलंय. त्या धुळीचा थर कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत बसतो, त्यात आमच्याकडचे किडे आणि पाचोळा. पुढून बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते, मधलं कोंदलेलं असतं. साध्या पाईपने, कमी दाबाने, इंजिनाच्या बाजूने पुढे असं धुवा. वॉशिंग सेंटरवरचा प्रेशर गन जवळून मारला तर पातळ पत्रे आडवे होतात आणि हवा जायची वाटच बंद.

भुंकणारी_गल्ली | १० एप्रिल, रात्री ८:०५

एक कळकळीची विनंती. बदललेलं कूलंट गटारात किंवा रस्त्याकडेला ओतू नका. ग्लायकॉल गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात, मूत्रपिंडं निकामी होऊन तडफडून मरतात. आमच्या गल्लीतली दोन पिल्लं अशी गेली, शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर कोणीतरी ओतलं होतं. झाकणबंद कॅनमध्ये भरून, जिथे जुनं ऑइल गोळा करतात अशा गॅरेजला द्या. सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

गोदाकाठची | १३ एप्रिल, सायंकाळी ७:२५

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी सकाळी गाडी गार असताना टॉर्च घेऊन बसले. होज ठीक, झाकणाच्या रिंगला बारीक चिरा. आणि टायमिंग कव्हराच्या खालच्या कडेला गुलाबी-पांढरा थर, नखाने खरवडला तर पापुद्रे निघाले. फोटो काढला.

दुसऱ्या गॅरेजमध्ये नेली, तिथे प्रेशर टेस्टचा पंप होता. काटा पहिल्या पाच मिनिटांतच उतरायला लागला. मेकॅनिकने चाक आणि आतलं कव्हर काढून दाखवलं: पंपाच्या त्या छिद्रातून थेंब. आता तो म्हणतोय वॉटर बॉडी (म्हणजे वॉटर पंप) बदलताना टायमिंग बेल्टही बदला. हा जास्तीचा खर्च खरंच गरजेचा आहे का?

टेस्टबेड | १३ एप्रिल, रात्री ८:१०

शाब्बास! आणि हो, मेकॅनिक बरोबर सांगतोय. तुमच्या इंजिनात पंप टायमिंग बेल्टवर फिरतो, पंप काढायला बेल्ट उतरवावाच लागतो, मजुरी एकच. बेल्टवर कूलंट पडलेलं असेल तर तो बदलायलाच हवा. बेल्ट तुटला तर वॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. बेल्ट ताणून धरणाऱ्या पुल्या, टेन्शनर आणि आयडलर, त्याही सोबत बदला.

भरताना तीन गोष्टी समोर उभं राहून बघा. मॅन्युअलमध्ये लिहिलेल्याच प्रकारचं कूलंट: रंगावर जाऊ नका, रंग हे मानक नाही, दोन कंपन्यांचं गुलाबी वेगळं असू शकतं, आणि वेगवेगळे प्रकार मिसळले तर गंजरोधक मार खातात. रेडिमिक्स असेल तर पाणी घालायचं नाही. कॉन्सन्ट्रेट असेल तर निम्मं डिस्टिल्ड वॉटर. आणि हवा काढणं: हीटर गरमवर, ब्लीड स्क्रू असेल तर तो सैल करून सलग धार येईपर्यंत, मग फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालू. आत हवेचा गोळा राहिला तर नवीन पंप असूनही गाडी तापते.

चांदवडचा_वारा | १३ एप्रिल, रात्री ८:३५

पंप बदलूनही पातळी उतरत राहिली तर?

टेस्टबेड | १३ एप्रिल, रात्री ९:००

मग आतली गळती. डिझेलमध्ये आधी ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा धूर कूलंटने गार करणारा भाग): बाहेर थेंब नाही, पण गाडी पूर्ण तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर. नंतर हेड गॅस्केट: सकाळी स्टार्ट केल्यावर मिनिट-दोन मिनिटांत, पाणी तापायच्या आधीच वरचा होज टणक होतो, बाटलीत बुडबुडे येत राहतात. निळ्या द्रवाची टेस्ट असते, बाटलीतल्या हवेत जळालेला वायू असेल तर द्रव हिरवट किंवा पिवळा पडतो. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं तर गाडी चालवूच नका. नुसत्या ऑइलच्या झाकणाखाली थोडा फेस दिसला तर घाबरू नका, थंडीत छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाड्यांत वाफेनेही तो येतो.

गोदाकाठची | २८ एप्रिल, सकाळी ९:४०

पंप, बेल्ट, टेन्शनर, झाकण, नवीन कूलंट, सगळं झालं. परवा वणीच्या गडावर जाऊन आलो, नांदुरीपासूनचा चढ एसी लावून चढले. स्कॅनरवर आकडा ९८ च्या वर गेला नाही. आज सकाळी बाटलीची पातळी रेषेवर जिथल्या तिथे आहे.

घाटनदेवी_थांबा | २८ एप्रिल, सकाळी १०:०२

छान झालं ताई. तरी निघायच्या आदल्या दिवशी सकाळी एकदा बघाच, आणि नंतर दर पंधरवड्याला. सासूबाईंना सांभाळून न्या.

नवा_सीएनजीवाला | २८ एप्रिल, दुपारी १:१५

धागा पूर्ण वाचला. माझी पेट्रोल गाडी, बाहेरून सीएनजी किट बसवलंय, तेव्हापासून कूलंट थोडं थोडं कमी होतंय. याचा किटशी संबंध असू शकतो का?

टेस्टबेड | २८ एप्रिल, दुपारी २:००

असू शकतो. सिलिंडरमधला गॅस प्रेशर उतरताना खूप गार होतो, म्हणून रिड्यूसरला (गॅसचं प्रेशर उतरवणारा भाग) कूलंटची गरमी देतात. त्यासाठी हीटरच्या होजला कापून टी (तीन तोंडांचे जोड) जोडलेले असतात. त्या टीच्या क्लिपा आणि रिड्यूसरला जाणाऱ्या दोन बारीक नळ्या आधी बघा, ओल तिथेच सापडण्याची शक्यता जास्त. सापडलं की इथे फोटो टाका.